सर्वांत आधी वाजणारं घड्याळ

३१ मार्चची संध्याकाळ. चाकण एमआयडीसीतला वाहनांचे सुटे भाग बनवणारा एखादा मध्यम कारखाना डोळ्यांसमोर आणा. स्टोअरमधल्या ताईंच्या टेबलावर एकाच पुरवठादाराची चार चलनं पडली आहेत, मिळून बेचाळीस आयटम. प्रत्येकाची आलेली संख्या, नाकारलेली संख्या, बॅच नंबर आणि रॅक नंबर ईआरपीच्या जीआरएन (आलेल्या मालाच्या नोंदीच्या) स्क्रीनवर भरायचे आहेत. मध्येच गेटवरून दोन फोन येतात, क्वालिटीतला मुलगा काही विचारून जातो. चाळीस मिनिटांनी शेवटची ओळ भरून ताई ‘सेव्ह’ दाबतात आणि समोर लॉगिनचं पान येऊन उभं राहतं. वर एकच वाक्य : तुमचं सेशन संपलं आहे, पुन्हा लॉगिन करा. बेचाळीसपैकी एकही ओळ शिल्लक नाही.

ताई आयटीला फोन लावतात. “अहो, सिस्टीमनं परत बाहेर फेकलं मला. काम करता करता!” पलीकडून उत्तर येतं, “ताई, तुम्ही मध्ये उठला असाल. बरं, टाइम वाढवून देतो.” तो खरोखरच सर्व्हरवर जाऊन तीस मिनिटांचे दोन तास करतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच गत.

इथे ताई खरं बोलताहेत. त्या जागेवरून उठल्या नव्हत्या, काम करत होत्या. आयटीतला मुलगाही खोटं बोलत नाही. त्यानं वेळ वाढवली होती. दोघंही खरे असताना काम मात्र वाया गेलं. हे कोडं एकदा नीट उलगडलं, की ईआरपीतून आपोआप बाहेर पडण्याच्या बहुतेक सगळ्या तक्रारी सोडवता येतात.

चप्पल स्टँडचा बिल्ला

आधी सेशन म्हणजे काय ते पाहू. जर्मनीतल्या पाच माजी आयबीएम अभियंत्यांनी १९७२ साली एसएपी ही आज ईआरपीसाठी ओळखली जाणारी कंपनी काढली, तेव्हा मोठा संगणक एका जागी असे आणि टर्मिनल त्याला तारेनं जोडलेलं असे. ते जोडणं टेलिफोनच्या संभाषणासारखं होतं. लाइन चालू आहे तोवर पलीकडे कोण आहे हे वेगळं विचारावं लागत नव्हतं. १९९० साली गार्टनर या संस्थेनं ‘एंटरप्राइज रिसोर्स प्लॅनिंग’, म्हणजेच ईआरपी, हे नाव रूढ केलं, तेव्हाही बराच कारभार याच पद्धतीचा होता.

पुढे ईआरपी ब्राउझरमध्ये आली. ब्राउझर ज्या एचटीटीपी नियमांनी बोलतो, त्यांची घडण पोस्टकार्डासारखी आहे. प्रत्येक क्लिक म्हणजे एक स्वतंत्र कार्ड. सर्व्हर ते वाचतो, उत्तर पाठवतो आणि विसरून जातो. पुढचं कार्ड त्याच माणसाचं आहे हे त्याला कळायला काही मार्ग नसतो. १९९४ साली नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली या अभियंत्यानं यावर तोड काढली, तिचं नाव ‘कुकी’.

देवळाबाहेरचा चप्पल स्टँड आठवा. आपण चप्पल देतो, स्टँडवाला ती एका कप्प्यात ठेवतो आणि आपल्या हातात नंबराचा बिल्ला देतो. लॉगिन करताना हेच घडतं. तुमचं नाव, तुमचे अधिकार, तुम्ही कोणत्या कंपनीच्या खात्यात आहात, हे सगळं सर्व्हर आपल्या कप्प्यात ठेवतो आणि ब्राउझरला एक लांबलचक नंबर देतो. प्रत्येक क्लिकबरोबर ब्राउझर तो नंबर पुढे करतो. कप्पा म्हणजे सेशन, बिल्ला म्हणजे कुकी.

आता स्टँडवाल्यानं नियम केला, की तीस मिनिटांत कुणी फिरकलं नाही तर कप्पा रिकामा करायचा. तुमच्या खिशातला बिल्ला तसाच राहतो. तो पाहून काही बदललंय असं वाटत नाही. बदल कळतो तो परत येऊन बिल्ला पुढे केल्यावर. ताईंच्या स्क्रीनचं हेच झालं. तिसाव्या मिनिटाला कप्पा रिकामा झाला होता, पण स्क्रीनवरचा फॉर्म जसाच्या तसा दिसत राहिला. पुढची दहा मिनिटं ताई त्या रिकाम्या कप्प्यासाठी माल भरत होत्या.

बाहेर काढण्यामागे हेतू आहे

हा नियम हटवूनच टाका ना, असं कुणालाही वाटेल. पण तो दोन भक्कम कारणांसाठी आहे.

पहिलं कारण सुरक्षेचं. अकाउंट्समधला माणूस पेमेंटची स्क्रीन उघडी ठेवून जेवायला गेला, तर त्या खुर्चीवर बसणारा कुणीही त्याच्या नावानं पेमेंट करू शकतो. नोंदीत नाव मात्र त्याचंच राहतं. म्हणूनच कार्ड व्यवहारांसाठीच्या पीसीआय डीएसएस या जागतिक मानकात १५ मिनिटं हालचाल नसेल तर पुन्हा ओळख पटवून घ्यायला सांगितलं आहे. अमेरिकेच्या निस्ट संस्थेनं २०१७ साली काढलेल्या मार्गदर्शिकेत मधल्या सुरक्षापातळीसाठी दोन मर्यादा दिल्या होत्या : हालचाल नसेल तर ३० मिनिटं आणि काम अखंड चालू असलं तरी १२ तास. वेब सुरक्षेवर काम करणारी ओवास्प संस्था मोठ्या जोखमीच्या सॉफ्टवेअरसाठी २ ते ५ मिनिटं आणि कमी जोखमीच्या सॉफ्टवेअरसाठी १५ ते ३० मिनिटं सुचवते.

दुसरं कारण जागेचं आणि कुलपाचं. प्रत्येक उघडं सेशन सर्व्हरची मेमरी अडवून बसतं. एकाच वेळी किती जण आत आहेत यावर लायसन्स असेल, तर तेही अडकतं. शिवाय एखादी परचेस ऑर्डर बदलायला उघडली, की बऱ्याच ईआरपी ती इतरांसाठी कुलूपबंद करतात. ऑर्डर उघडी ठेवून एक जण घरी गेला, तर बाकीच्यांना संध्याकाळभर ‘हे कागदपत्र दुसऱ्यानं उघडलं आहे’ हाच संदेश दिसत राहतो. ठरावीक वेळेनं सेशन संपवणारा हा नियम, म्हणजे टाइमआउट, ही कुलपं सोडवतो.

थोडक्यात, टाइमआउट असायला हवा. प्रश्न एवढाच, की तो योग्य जागी, योग्य वेळी आणि कुणाचं काम न बुडवता यावा.

टाइप करणं सर्व्हरला दिसत नाही

आता कोड्याचा पहिला अर्धा भाग. ताई चाळीस मिनिटं टाइप करत होत्या, तरी सर्व्हरला त्या रिकाम्या बसलेल्या का वाटल्या?

कारण सर्व्हरला कीबोर्ड दिसत नाही, त्याला फक्त पोस्टकार्डं दिसतात. अनेक फॉर्ममध्ये बेचाळीस ओळी भरेपर्यंत ब्राउझर एकही कार्ड पाठवत नाही. सगळं भरून सेव्ह दाबलं, की मगच पहिलं कार्ड निघतं. सर्व्हरच्या वहीत ताईंची शेवटची हालचाल ‘फॉर्म उघडला’ हीच राहिली. यूजर म्हणतो ‘मी काम करत होतो’, आयटी म्हणते ‘लॉगमध्ये तुमची काहीच हालचाल नाही’, आणि दोघांची भांडणं लागतात. दोघांच्या ‘काम’ या शब्दाचे अर्थच वेगळे आहेत. ही एक गोष्ट दोन्ही बाजूंना समजली, तरी निम्मी कटुता संपते.

याच जागी टाइमआउटच्या तीन जाती वेगळ्या करून घेऊ, कारण यूजर तिन्हींना एकच नाव देतो : बाहेर फेकलं.

पहिली जात रिकामपणाची. इतका वेळ एकही क्लिक पोचली नाही, की सेशन संपतं. प्रत्येक क्लिकला हे घड्याळ शून्यावर येतं.

दुसरी जात एकूण वेळेची. तुम्ही कितीही क्लिक करा, लॉगिनपासून ठरावीक तास झाले की बाहेर. ओरॅकल ई-बिझनेस सूटमध्ये या दोन्हींसाठी वेगळ्या सेटिंग आहेत. ‘आयसीएक्स सेशन टाइमआउट’ मिनिटांत मोजते आणि रिकामपण पाहते, तर ‘आयसीएक्स लिमिट टाइम’ तासांत मोजते आणि एकूण वेळ पाहते. दुसरीचं मूळ मूल्य ४ तास आहे. सकाळी नऊला लॉगिन करणारा माणूस ‘रोज एकच्या सुमाराला सिस्टीम जाते’ म्हणू लागला, तर नेटवर्ककडे धावण्याआधी हे मूल्य पाहावं. पहिलीची मिनिटं कितीही वाढवली, तरी दुसरीवर परिणाम होत नाही.

तिसरी जात एकाच कामाच्या कालमर्यादेची. वर्षभराचा स्टॉक लेजर मागवला, सर्व्हर हिशेब करत बसला आणि मध्येच काम तोडलं गेलं. इथे सेशन जिवंतच असतं, मेलेली असते ती एक विनंती. एसएपीमध्ये स्क्रीनवरून चालणाऱ्या एका कामाला बराच काळ ६०० सेकंदांची मूळ मर्यादा आहे. ती ओलांडली की ‘टाइम आउट’ नावाचा डंप, म्हणजे एररचा अहवाल, पडतो. हे काम बॅकग्राउंड जॉब म्हणून लावलं, की त्याला ही मर्यादा लागत नाही. अशा तक्रारीवर सेशनची वेळ वाढवणं म्हणजे पोटदुखीवर कानात औषध घालणं.

रांगेतली घड्याळं

कोड्याचा दुसरा अर्धा भाग : वेळ वाढवूनही फरक का पडला नाही?

ताईंची क्लिक सर्व्हरपर्यंत एकटी जात नाही. ब्राउझरमधून निघून ती ऑफिसच्या नेटवर्कमधून, कदाचित व्हीपीएनमधून, फायरवॉलमधून, मग क्लिक सर्व्हरांमध्ये वाटणाऱ्या लोड बॅलन्सर किंवा मध्यस्थ प्रॉक्सीमधून, मग वेब सर्व्हर, अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर आणि शेवटी डेटाबेसपर्यंत पोचते. सिंगल साइन-ऑन असेल तर ओळख पटवणारा सर्व्हर आणखी वेगळा. या प्रत्येक मुक्कामावर कुणीतरी एक घड्याळ लावून ठेवलेलं असतं आणि ती घड्याळं एकमेकांना ओळखत नाहीत. यूजरला बाहेर काढतं ते त्यातलं सर्वांत आधी वाजणारं घड्याळ. त्यानंतरची कितीही लांब ठेवली, तरी त्यांची पाळीच येत नाही.

कारखान्यातलं उदाहरण इथे पूर्ण करू. ती ईआरपी टॉमकॅट या सर्व्हरवर चालत होती असं धरा. टॉमकॅटमध्ये सेशनची वेळ दोन जागी लिहिता येते. एक फाइल सगळ्या सर्व्हरसाठी असते, तिथे मूळ आकडा ३० मिनिटांचा. दुसरी फाइल त्या त्या अ‍ॅप्लिकेशनच्या पोटात असते. दोन्हींत आकडे वेगळे असले तर अ‍ॅप्लिकेशनचा चालतो. आयटीतल्या मुलानं पहिल्या फाइलीत दोन तास लिहिले. ईआरपी पुरवणाऱ्यानं दुसऱ्या फाइलीत ३० लिहून ठेवले होते. मुलानं घड्याळ फिरवलं हे खरं, पण वाजत होतं ते दुसरंच.

आकडा ओळखायला शिका

अनुभवी वैद्य नाडीवरून रोगाचा अंदाज घेतो. इथे नाडी म्हणजे बाहेर पडण्याआधीची मिनिटं. बहुतेक ठिकाणी सॉफ्टवेअर बसवताना मूळ आकडे कुणी बदलतच नाही, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून संशयिताचं नाव बऱ्यापैकी कळतं.

बरोबर ६० सेकंदांनी रिपोर्ट तुटतो? एनजिनएक्स प्रॉक्सी मागच्या सर्व्हरच्या उत्तराची मूळ सेटिंगनुसार ६० सेकंद वाट पाहतो. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडमधल्या अ‍ॅप्लिकेशन लोड बॅलन्सरचा मूळ आकडाही ६० सेकंदच. ४ मिनिटं? मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझूर क्लाउडमधल्या लोड बॅलन्सरचा मूळ आकडा. १० मिनिटं? एसएपीच्या एका कामाची मर्यादा, ते ६०० सेकंद. २० मिनिटं? मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेटचं सेशन, किंवा आयआयएस सर्व्हरचा अ‍ॅप्लिकेशन पूल, जो २० मिनिटं कुणीच फिरकलं नाही तर झोपी जातो. २४ मिनिटं हा विचित्र आकडा दिसला, तर पीएचपी भाषेतल्या सॉफ्टवेअरकडे पाहा. तिथे सेशनची नोंद १४४० सेकंदांनंतर झाडून काढण्याजोगी ठरते. ३० मिनिटं? टॉमकॅट, किंवा एसएपीचं ब्राउझरमधलं सेशन, ज्याचा मूळ आकडा १८०० सेकंद आहे.

एक तासाच्या आसपास, तेही जेवणाच्या सुट्टीनंतर किंवा लांबच्या मीटिंगनंतर, विशेषतः एसएपी जीयूआयसारख्या सतत जोडलेल्या सॉफ्टवेअरमध्ये? मग फायरवॉल पाहा. सिस्कोच्या एएसए फायरवॉलमध्ये रिकाम्या जोडणीची मूळ मर्यादा १ तास आहे. एसएपी जीयूआयला स्वतःहून बाहेर काढणाऱ्या पॅरामीटरचं मूळ मूल्य शून्य, म्हणजे कधीच नाही. तरी माणूस तासाभरानं परत आला की जोडणी तुटलेली असते, कारण फायरवॉलनं ती कुणालाही न सांगता आपल्या यादीतून पुसलेली असते. अशा जोडण्या जाग्या ठेवण्यासाठी संगणक मधूनमधून एक रिकामा संदेश पाठवू शकतो, त्याला ‘कीपअलाइव्ह’ म्हणतात. लिनक्स आणि विंडोज, दोन्हींमध्ये त्याची मूळ वेळ २ तास आहे. फायरवॉल तासाभरात दार लावणार आणि जागं करणारा दोन तासांनी येणार. ही वेळ फायरवॉलच्या मर्यादेच्या आत आणली, की तक्रार मिटते.

आणखी एक मजेचा आकडा २९ तास. आयआयएस सर्व्हर मूळ सेटिंगनुसार दर १७४० मिनिटांनी अ‍ॅप्लिकेशन पूल नव्यानं सुरू करतो. सेशन त्याच पूलच्या मेमरीत ठेवलेली असतील, तर त्या क्षणी सगळ्यांची सेशन जातात. २९ तास म्हणजे एक दिवस आणि वर पाच तास. म्हणून आज सकाळी अकराला झालं, तर उद्या दुपारी चारला आणि परवा रात्री नऊला. रोज वेगळी वेळ असल्यानं लोक त्याला ‘कधीही होतं, काही नेम नाही’ म्हणतात. तारीख-वेळ लिहून ठेवली, तर नेम लगेच दिसतो.

तपासाच्या पायऱ्या

पहिली पायरी ऐकण्याची. यूजरला तीन आकडे विचारा : लॉगिन किती वाजता केलं, शेवटचं बटण किती वाजता दाबलं, बाहेर पडलात किती वाजता. त्याबरोबर संदेशाचे नेमके शब्द, शक्य असेल तर मोबाइलवर काढलेला फोटो. ‘काहीतरी एरर आला’ यातून काही हाती लागत नाही. ‘सेशन संपलं’, ‘जोडणी तुटली’ आणि ‘गेटवे टाइमआउट’ हे तीन संदेश तीन वेगळ्या घड्याळांकडे बोट दाखवतात.

दुसरी पायरी व्याप्ती पाहण्याची. एकालाच होतंय की सगळ्यांना? एकालाच होत असेल, तर त्याचा संगणक आणि ब्राउझर पाहा. एका शाखेला होत असेल आणि मुख्य कार्यालयात सगळं सुरळीत असेल, तर वाटेतलं नेटवर्क पाहा. घरून व्हीपीएनवर होतं आणि ऑफिसात होत नाही, तर व्हीपीएन. सगळीकडे सगळ्यांना होत असेल, तरच सर्व्हरला हात लावा. एवढ्या एका प्रश्नानं शोधाचा परिसर झपाट्यानं लहान होतो.

तिसरी पायरी मोजण्याची, आणि इथे एक हमखास चूक होते. माणूस लॉगिन करतो, दहा मिनिटांनी क्लिक करून पाहतो, सेशन चालू असतं. मग आणखी दहा मिनिटांनी क्लिक करतो, तेव्हाही चालू. ‘वीस मिनिटांत काही होत नाही,’ असा निष्कर्ष तो लिहितो. पण पहिल्या क्लिकनं घड्याळ शून्यावर आलं होतं. त्यानं दोनदा दहा मिनिटं मोजली, वीस मिनिटं मोजलीच नाहीत. योग्य रीत अशी : चार वेगवेगळ्या संगणकांवर एकाच वेळी लॉगिन करा. एकाला १५व्या, दुसऱ्याला २५व्या, तिसऱ्याला ३५व्या आणि चौथ्याला ६५व्या मिनिटाला पहिल्यांदा हात लावा. एका ब्राउझरच्या चार टॅब उघडून हे जमणार नाही, कारण त्या सगळ्यांचा बिल्ला एकच असतो. कोणता जगला आणि कोणता गेला यावरून मर्यादा कोणत्या दोन आकड्यांमध्ये आहे ते कळतं. पाचव्या संगणकावर दर पाच मिनिटांनी क्लिक करत राहा. तोही बाहेर पडला, तर घड्याळ एकूण वेळेचं आहे.

चौथी पायरी वाट बदलून पाहण्याची. तोच प्रयोग लोड बॅलन्सर टाळून थेट अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरच्या पत्त्यावर करा. तिथे तक्रार नाहीशी झाली, तर दोष मधल्या मुक्कामात आहे.

पाचवी पायरी पुरावा वाचण्याची. ब्राउझरमध्ये एफ१२ दाबून नेटवर्कचा कप्पा उघडला, की सर्व्हरनं दिलेला उत्तराचा क्रमांक दिसतो. ४०१ म्हणजे ‘तुम्ही कोण ते मला माहीत नाही’. ३०२ येऊन लॉगिनच्या पानावर नेलं, तर त्याचाही अर्थ बहुतेक वेळा तोच. ५०४ म्हणजे मधल्या दरवानानं आतल्या उत्तराची वाट पाहणं सोडून दिलं. ५०४ आला की एक पथ्य काटेकोर पाळा : बाहेरच्यानं वाट पाहणं सोडलं, तरी आतलं काम चालू असू शकतं. बिल पुन्हा पोस्ट करण्याआधी ते आधीच पोस्ट झालंय का, हे यादीत पाहा. एकच बिल दोनदा चढण्याचं हे नेहमीचं कारण आहे.

आकडाच सापडत नाही तेव्हा

काही तक्रारींत कोणताच ठरावीक आकडा निघत नाही. कधी दोन मिनिटांत, कधी दोन तासांत. तेव्हा घड्याळाचा नाद सोडा आणि कप्पा किंवा बिल्ला हरवतोय का ते पाहा.

कप्पा हरवण्याचं पहिलं कारण म्हणजे अनेक सर्व्हर. मोठ्या ईआरपीत लोड बॅलन्सरच्या मागे दोन-तीन सर्व्हर असतात. ताईंचा कप्पा पहिल्या सर्व्हरवर असताना पुढची क्लिक दुसऱ्यावर गेली, तर तो म्हणणार, ‘हा बिल्ला आमचा नाही.’ एका यूजरला एकाच सर्व्हरकडे पाठवत राहणं, किंवा सगळ्या सर्व्हरांनी कप्पे एका सामायिक जागी ठेवणं, हे त्यावरचे दोन उपाय. दुसरं कारण, मेमरी संपून सर्व्हर स्वतःच पुन्हा सुरू होणं. मग अनेक जण एकाच क्षणी बाहेर पडतात.

बिल्ला हरवण्याचं एक कारण फार फसवं आहे. पुष्कळ ठिकाणी लाइव्ह आणि टेस्ट या दोन सिस्टीम एकाच सर्व्हरवर, फक्त पोर्ट नंबर बदलून ठेवतात. कुकीचे नियम पोर्ट नंबर पाहत नाहीत. पत्त्याचा बाकी भाग आणि कुकीचं नाव सारखं असेल, तर टेस्टमध्ये लॉगिन केल्यावर मिळालेला बिल्ला लाइव्हच्या बिल्ल्यावर चढतो आणि लाइव्हमधून माणूस बाहेर फेकला जातो. ट्रेनिंगच्या दिवसांत अशा तक्रारी वाढतात त्या यामुळे. दोन्ही सिस्टीमना वेगवेगळी नावं दिली, की हा त्रास मुळातून संपतो.

काही ईआरपी पानाच्या आड थोड्या थोड्या वेळानं सर्व्हरला हाक मारून सेशन जागं ठेवतात. पण टॅब मागे पडली तर ब्राउझर तिच्या हाका आवरतो. क्रोमनं जानेवारी २०२१ मधल्या ८८व्या आवृत्तीपासून बराच वेळ मागे असलेल्या टॅबचे टायमर मिनिटाला एकदाच चालवायला सुरुवात केली. लॅपटॉप झोपला, तर तेही थांबतात. ‘पाच मिनिटांत बाहेर पडाल’ ही सूचना उशिरा दिसते, त्यामागे हे कारण असू शकतं.

घड्याळं लावण्याचा क्रम

दोषी घड्याळ सापडलं, तरी सरसकट आकडा वाढवू नका. आधी क्रम ठरवा.

रिकामपणाच्या बाबतीत ईआरपीचं स्वतःचं घड्याळ सर्वांत आधी वाजलं पाहिजे. फायरवॉल, व्हीपीएन, लोड बॅलन्सर यांची घड्याळं त्याहून लांब असावीत. कारण ईआरपीला यूजरशी बोलता येतं, ‘सेशन संपत आलंय’ असं सांगता येतं. फायरवॉलला बोलता येत नाही, ती नुसतं तोडते. एका लांब कामाच्या बाबतीतही हेच तत्त्व : डेटाबेसची मर्यादा सर्वांत लहान, मग अ‍ॅप्लिकेशनची, मग प्रॉक्सीची. आतला आधी थांबला तर कारण सांगू शकतो. बाहेरचा आधी थांबला तर त्याला फक्त ‘उत्तर आलं नाही’ एवढंच ठाऊक असतं.

मग आकडा कामावरून ठरवा. स्टोअरमधली सर्वांत मोठी नोंद चाळीस मिनिटांची असेल, तर तिथे एक तास द्या आणि त्या संगणकावर विंडोजचं स्क्रीन लॉक पाच मिनिटांचं ठेवा. खुर्ची सोडली तर पडदा बंद होतो, पण भरलेल्या ओळी जागेवर राहतात. पेमेंट मंजूर करणाऱ्या स्क्रीनला मात्र पंधरा मिनिटांची शिस्त हवीच. मुंबईत तयार झालेल्या ईआरपीनेक्स्टमध्ये सेशन संपण्याची वेळ सिस्टीम सेटिंग्जमध्ये तास आणि मिनिटांत लिहिता येते, त्यासाठी फाइली उघडाव्या लागत नाहीत. एसएपीचं ऑटो लॉगआउट पॅरामीटर सगळ्यांना एकच लागू होतं, म्हणून तिथे आकडा ठरवताना स्टोअर, अकाउंट्स आणि प्लॅनिंग या तिघांनाही विचारावं लागतं.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि जुनं मूल्य लिहून ठेवा. एसएपीमध्ये चालू सिस्टीममध्येच बदललेलं पॅरामीटर सर्व्हर पुन्हा सुरू झाला, की जुन्या मूल्यावर जातं. ते प्रोफाइलमध्ये कायमचं लिहावं लागतं. रविवारी सर्व्हर बंद-चालू झाला आणि सोमवारी जुनी तक्रार परत आली, तर इथेच पाहा.

खरी दुरुस्ती मात्र आकड्याच्या पलीकडे आहे. भरलेली ओळ दर मिनिटाला मसुदा म्हणून आपोआप जपली गेली, बाहेर पडण्याआधी सूचना दिसली आणि पुन्हा लॉगिन केल्यावर माणूस त्याच फॉर्मवर पोचला, तर टाइमआउट कितीही लहान असो, काही बिघडत नाही. पुरवठादाराकडून ईआरपी घेताना या तीन गोष्टी करारात लिहून घ्या. त्या मिळेपर्यंत मोठी चलनं दहा-दहा ओळींनी सेव्ह करत जा. टाइमआउट शून्य करून टाकणं, क्लिक आपोआप करत राहणारी युक्ती वापरणं किंवा पासवर्ड मॉनिटरला चिकटवून ठेवणं, हे तिन्ही उपाय चोराला किल्ली देणारे आहेत.

आणि आयटीत काम करणाऱ्या वाचकांना एक विनंती. पुढच्या वेळी कुणी ‘काम करता करता बाहेर फेकलं’ म्हणेल, तेव्हा ‘तुम्ही मध्ये उठला असाल’ म्हणू नका. टेबलावर एक छोटी वही ठेवायला सांगा आणि तीन वेळा लिहून घ्यायला सांगा : लॉगिनची, शेवटच्या क्लिकची, बाहेर पडल्याची. आठवडाभराच्या त्या नोंदी सर्व्हरच्या लॉगशेजारी ठेवून वाचा. कोणतं घड्याळ वाजतंय ते तुम्हाला त्या वहीतच सापडेल.